लहान मुलांचं व्हायोलिन: रियाजाला बसायला नको म्हणतात तेव्हा

प्रभादेवीची_आई
मुलगी सहा वर्षांची. दादरला पाश्चात्त्य पद्धतीचा क्लास, आठवड्यातून दोनदा, चार महिने झाले. व्हायोलिन १/४ आकाराचं. क्लासला आनंदाने जाते, पण घरी वाद्याची केस (पेटी) उघडायचं नाव काढलं की "हात दुखतो", "घाण आवाज येतो". रागावायचं नाहीये आणि रोज चॉकलेटची लालूचही दाखवायची नाहीये. प्रोत्साहन नेमकं कसं द्यायचं? जाणकारांनी कृपया लिहा.

खुंटीवाला
ताई, प्रोत्साहनाचं नंतर बघू. मुलीची दोन्ही वाक्यं आधी शब्दशः घ्या. हात खरंच दुखत असणार आणि आवाज खरंच घाण येत असणार. सहा वर्षांच्या मुलाला वाद्यातला दोष कळत नाही, त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही.

पहिला संशय आकाराचा. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ पसरायला सांगा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. अंदाजे हिशेब असा: १४ इंचांना १/१६, साडेपंधराच्या आसपास १/१०, साडेसोळा-सतराला १/८, साडेअठराला १/४, वीसला १/२, साडेएकवीस-बावीसला ३/४ आणि २३ इंचांच्या पुढे पूर्ण आकार. कंपनीनुसार अर्धा इंच इकडेतिकडे होतो. माप दोन आकारांच्या मध्ये आलं तर लहान घ्या. सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांचं माप १/८ चं निघतं, आणि "वाढत्या अंगाचं असू दे" म्हणून घरी १/४ येतं. शाळेच्या गणवेशाला ते चालतं, व्हायोलिनला नाही. हात पूर्ण ताणला गेला की बोटं वाकत नाहीत, आडवी पडतात आणि शेजारच्या तारेला लागतात.

मोजायचं नसेल तर व्हायोलिन खांद्यावर ठेवून तिला डाव्या तळव्यात वाद्याचं टोक, ती गुंडाळी, धरायला सांगा. कोपर आरामात वाकलेलं राहिलं आणि बोटं गुंडाळीभोवती वळली तर आकार बरोबर.

ठायलय
+१. आणि तारांची उंची बघा, ती कोणीच बघत नाही. स्वस्त वाद्यांत घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) कारखान्यातून जशी येते तशीच, न घासता लावलेली असते. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनला ज्यावर बोटं दाबतात त्या काळ्या पट्टीच्या शेवटी, घोडीच्या बाजूला, सर्वांत बारीक तार पट्टीपासून साधारण साडेतीन मिमी आणि सर्वांत जाड तार साडेपाच मिमी वर असते. लहान आकारांत याहून कमी हवी. दुसऱ्या टोकाला, खुंट्यांच्या बाजूला जिथे तारा खाचांतून जातात, तिथे तार आणि पट्टी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. तिथे फट मोठी असेल तर पहिलं बोट (व्हायोलिनमध्ये तर्जनीला पहिलं म्हणतात) दाबतानाच मुलाचा जीव जातो. घोडी आणि खाच घासून घेणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. घरी कानस घेऊन बसू नका, खाच जास्त खोल गेली की तार पट्टीवर आपटून झणझणते.

प्रभादेवीची_आई
आत्ता मोजलं. सतरा इंच जेमतेम! म्हणजे १/८ हवं होतं? आणि आवाजाचं काय? ते खरंच कर्कश येतं, अगदी दार करकरल्यासारखं.

खुंटीवाला
१/८ च. दुकानाला किंवा क्लासलाच विचारा, लहान आकार बरेचदा बदलून मिळतात, कारण मुलं दीड-दोन वर्षांत पुढच्या मापाला जातात. जुनं घ्यायलाही हरकत नाही. फक्त वाद्याच्या पोटाच्या (वरच्या फळीच्या) कडेने बोटाच्या पेराने टकटक करत जा, कुठे फटफट आवाज आला तर जोड सुटलेला आहे.

आवाजाची कारणं, जी जास्त वेळा सापडतात त्या क्रमाने:

गजावर (वाजवायच्या केस लावलेल्या काडीवर) रोझिन, म्हणजे राळ, नाही. नव्या गजाच्या केसांना रोझिन नसेल तर आवाजच येत नाही, लोक वाद्य परत करायला निघतात. नव्या रोझिनच्या वडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यावर बारीक सँडपेपर दोनदा फिरवा, मग ती लागते. अगदी नव्या गजाला पहिल्यांदा बरंच लावावं लागतं. पुढे लहान मुलाच्या रियाजाला दोन-तीन दिवसांतून एकदा, टोकापासून टोकापर्यंत चार-पाच हात पुरतात. तारांखाली पांढरी पूड साचत असेल तर जास्त झालं, त्यानेही आवाज खरखरीत होतो. पूड रोज सुक्या सुती फडक्याने पुसायची. केसांना बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागी गज घसरतो.

गज किती ताणायचा? काडी आणि केस यांच्यात मध्यावर एक पेन्सिल मावेल इतकंच. काडी सरळ किंवा उलटी कमानदार झाली तर जास्त ताणलाय. वाजवून झालं की स्क्रू तीन-चार वेढे सैल, हे न चुकता.

गज पट्टीवर सरकतो. घोडी आणि काळ्या पट्टीचं टोक यांच्या बरोबर मध्ये गज चालायला हवा, घोडीला समांतर. लहान मुलांचा हात गज खेचताना मागे शरीराभोवती फिरतो, त्यामुळे गज तिरका होतो आणि किंचाळतो. जाड तारांवर खर्र आवाज आला तर दाब जास्त आणि वेग कमी. बारीक तारेवर शिट्टी आली तर गज नुसता तरंगतोय किंवा शेजारच्या तारेला घासतोय.

आणि शेवटचं म्हणजे व्हायोलिन लावलेलंच नसतं. क्लासमधून घरी येईपर्यंत उतरतं.

विलंबित
शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आईवडिलांनी एकच गोष्ट शिकावी: वाद्य लावून देणं. मूल केस उघडेपर्यंत ते सुरात असलं पाहिजे.

फोनवर कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. पाश्चात्त्य पद्धतीत जाडीपासून बारीक तारेकडे जी, डी, ए, ई. ए ४४० हर्ट्झला, मग डी २९४, जी १९६, ई ६५९ च्या आसपास. टेलपीसवर (घोडीमागे तारा अडकवतात त्या भागावर) चारही तारांना बारीक स्क्रू बसवून घ्या. थोडासाच फरक असेल तर तेवढ्यानेच भागतं, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सूर चढतो. स्क्रू पूर्ण खाली गेला असेल तर तो सैल करून मग खुंटी फिरवा. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नाहीतर ती भर्रकन सुटते. ई तार सर्वांत आधी तुटते, तिला खुंटीने चढवताना चेहरा लांब. चारही तारा एकदम कधीच काढू नका. आतला साउंड पोस्ट म्हणून एक लाकडी दांडका असतो, तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. ताण गेला की पडतो आणि मग दुरुस्तीवाल्याकडे फेरी.

खुंटीने तारा चढवत गेलं की घोडी हळूहळू पट्टीकडे झुकते. टेलपीसकडची तिची बाजू पोटाशी काटकोनात उभी दिसली पाहिजे. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सरळ करायची. दुर्लक्ष केलं तर एक दिवस फाटकन आडवी होते आणि मूल इतकं घाबरतं की आठवडाभर वाद्याला हात लावत नाही.

चर्चगेट_स्लो
मुंबईत यात पावसाळा आणि एसी मिळवा. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, त्या जोर लावून फिरवू नका, तुटतात. गजाचे केस हवेतल्या ओलाव्याने लांबतात. स्क्रू शेवटापर्यंत गेला तरी गज सैलच राहिला तर केस बदलायला झाले. उलट रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत लाकूड आकसतं आणि सकाळी खुंट्या सुटून चारही तारा लोंबत असतात. एकाच घरात दोन्ही होतं, म्हणून व्हायोलिन पेटीत बंद करून, बाहेरच्या ओलीच्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब, कपाटाच्या मधल्या खणात. सिलिका जेलच्या पुड्या दोन टाका आणि अधूनमधून बदला. केस पावसात भिजली तर आधी बाहेरून पुसा, मग उघडा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, जोड सुटतात. जोड सुटला तर फेव्हिकॉल अजिबात नको. व्हायोलिन सरसाने चिकटवलेलं असतं, म्हणजे पुढे दुरुस्तीला उघडता येतं. फेव्हिकॉलने चिकटवलेलं उघडताना लाकूड फाटतं.

ट्रेनमध्ये केस पाठीवर नको, पुढे छातीशी. दादरला उतरताना पाठीवरच्या केसचं काय होतं हे सांगायला नको.

मध्यमा
सगळे वाद्यावरच अडलात! मुलीचंही बघूया की.

वेळ: या वयाला सलग अर्धा तास बसवणं चूक आहे. सकाळी सात-आठ मिनिटं आणि संध्याकाळी सात-आठ मिनिटं पुष्कळ झाली. संध्याकाळची वेळ खेळायला खाली जायच्या आधीची ठेवा. खाली मुलांचा आवाज सुरू झाला की रियाज म्हणजे शिक्षाच. आणि वेळ एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा, दूध प्यायलं की व्हायोलिन. घड्याळाला बांधलं की रोज नवी वाटाघाट सुरू होते.

केस उघडण्याचा कंटाळा हे फार मोठं कारण असतं. मोठ्यांनी वाद्य लावून, गज ताणून, खांद्याला स्पंज लावून तयार ठेवलं तर अर्धी लढाई संपते. (लहान आकाराला महागडा शोल्डर रेस्ट लागत नाही. भांडी घासायचा नवा, मऊ स्पंज रबर बँडने व्हायोलिनच्या पाठीला बांधला की चालतं. खांदा वर उचलावा लागत नाही, मान दुखत नाही.) डाव्या हाताची नखं दर रविवारी. नख वाढलं की बोट उभं पडूच शकत नाही.

आत काय करायचं: सुरुवातीला मोकळ्या तारांवर लांब गज, प्रत्येकी चार मात्रा, आरशासमोर उभं राहून. मग नवीन धड्यातल्या फक्त दोन ओळी. शेवटी आधीपासून येणारी, आवडती धून. शेवट नेहमी येणाऱ्या गोष्टीने करा, अडलेल्या जागी केस बंद करू नका.

ठायलय
दोन ओळी पाच वेळा बरोबर वाजवायच्या असतील तर पाच चिंचोके एका वाटीत ठेवा, बरोबर झालं की एक दुसऱ्या वाटीत. मुलांना हे आवडतं.

मध्यमा
चिंचोक्यांचं चालतं, पण एक धोका आहे. मुलं वाटी भरायच्या घाईत वेग वाढवतात आणि चूक पक्की होते. म्हणून अट वेगावर ठेवा: चिंचोका हलतो तो हळू आणि सुरात वाजवल्यावरच. चुकलं तर हललेला चिंचोका परत आणायचा नाही. काही पालक सगळे मागे नेऊन पुन्हा एकपासून सुरू करायला लावतात. पाचव्या वेळी हात थरथरायला लागतो, मग कसला रियाज.

कणसूर
शाबासकीबद्दल लिहितो. "वा! छान! किती गोड!" हे रोज ऐकलं की मुलाला आठवड्यात कळतं की हे काहीही वाजवलं तरी म्हणतात. त्याऐवजी जे कानाने ऐकलं किंवा डोळ्यांनी पाहिलं ते सांगा. "आज गज घोडीजवळ गेला नाही." "ती खालची तार चुकून वाजली नाही." "तिसऱ्या बोटाचा सूर घुमला." यासाठी पालकाला संगीत यावं लागत नाही, लक्ष द्यावं लागतं. आणि फोन खाली ठेवून ऐका, मुलांना सगळं दिसतं.

दुरुस्ती एका बैठकीत एकाच गोष्टीची. आज अंगठा, तर फक्त अंगठा. गज धरताना उजवा अंगठा वाकलेला आणि करंगळी काडीवर गोल टेकलेली, हे दोन्ही एकदम सांगितलं तर एकही होत नाही. वाजवत असताना मध्ये बोलायचं नाही, ओळ संपू दे. बोटं ताठ होत असतील तर तेवढ्यापुरता गज बाजूला ठेवा आणि पेन्सिल तशीच धरून हवेत वर-खाली, गाडीच्या वायपरसारखी डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. टीव्ही बघतानाही होतं. ताणही येत नाही आणि आवाजही नाही.

चर्चगेट_स्लो
"तिसऱ्या बोटाचा सूर घुमला" हे पालकाला कसं कळणार?

कणसूर
सोपं आहे. डी तारेवर तिसरं बोट बरोबर जागी पडलं की तो सूर शेजारच्या मोकळ्या जी तारेच्या बरोबर एक सप्तक वरचा असतो. मग जी तार न छेडता आपोआप थरथरते आणि आवाज मोठा, भरीव येतो. बोट केसभर सरकलं की तो घुमार जातो. ए तारेवरच्या तिसऱ्या बोटाला तशीच डी तार साथ देते. मुलीला सांगा, "घुमणारी जागा शोध." लहान मुलांना "सूर लागला नाही" यापेक्षा हा खेळ फार लवकर समजतो, आणि कोणी चूक काढतंय असंही वाटत नाही.

विलंबित
वाजवायच्या आधी गाऊन घ्या, हे राहिलं. ओळ आधी तोंडाने म्हणायची, सरगमने किंवा नुसतं "ला ला", मग तारेवर. बोट कुठे ठेवायचं हे डोळ्यांना पट्टीवर दिसत नाही, व्हायोलिनला पडदे नसतात. सूर डोक्यात आधी असावाच लागतो. आपल्याकडे पं. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. डॉ. एन. राजम यांचं वादन गायकी अंगाचं म्हणूनच ओळखलं जातं. जे वाजवायचं त्याचं रेकॉर्डिंग घरात रोज दहा-पंधरा मिनिटं सहज लावून ठेवा, जेवताना, दप्तर भरताना. जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीतही ऐकणं आणि पालकांचा सहभाग यांवरच भर आहे. मूल बोलायला जसं ऐकून शिकतं तसंच हे, असा त्यांचा विचार.

प्रत्यक्ष वादन बघायलाही न्या. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. षण्मुखानंद सभागृहात कर्नाटक संगीताच्या मैफलींत व्हायोलिन जवळजवळ नेहमीच असतं. सहा वर्षांच्या मुलीला पूर्ण मैफल बसवू नका, मध्यंतरात निघा. तिला एवढंच दिसायला हवं की तीस माणसांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात.

प्रभादेवीची_आई
खूप उपयोगी. एक शंका. सासूबाई म्हणतात, घरी शास्त्रीय गाण्याची आवड आहे तर हिंदुस्तानी पद्धतीच का नाही? आणि दोन्ही एकदम चालेल का?

खुंटीवाला
एकदम नको. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर, वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यात. हिंदुस्तानीत मांडी घालून, गुंडाळी उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून. डावा हात वजन पेलत नाही म्हणून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायला मोकळा राहतो. तारा मिळवणंही वेगळं, बहुधा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा, आणि ते गुरूंनी ठरवायचं. पाश्चात्त्य सुरांच्या तारा त्याच वाद्यावर रोज चढवत-उतरवत राहिलात तर तारा आणि मूल दोन्ही वैतागतील. पहिली दोन-तीन वर्षं एकच धरा. सासूबाईंना सांगा, घरी गाणं शिकवा. कान तयार झाला की तो दोन्हीकडे उपयोगी पडतो.

पाउणपट
गणपतीत मुलीला आरती वाजवायला लावा, सगळे नातेवाईक ऐकतील, टाळ्या वाजतील, हुरूप येईल. यापेक्षा मोठं प्रोत्साहन नाही.

मध्यमा
असहमत, निदान चौथ्या महिन्यात. आरतीला झांजा, टाळ्या, वीस माणसं आणि प्रत्येकाची वेगळी पट्टी. १/८ व्हायोलिनचा आवाज तिलाच ऐकू येणार नाही, मग ती दाबून वाजवेल आणि आवाज फाटेल. वर कोणी काका "अजून एक वाजव ना" म्हणणार. घरातल्या दोन माणसांसमोर, तिने निवडलेली, तिला झोपेत येईल अशी एक धून, आणि शेवटी वाकून नमस्कार, एवढाच कार्यक्रम करा. "पाहुण्यांना वाजवून दाखव" ही आज्ञा नको, तिला विचारा. नाही म्हणाली तर विषय संपला.

पाउणपट
ठीक, आरती पुढच्या वर्षी. पण काहीतरी ध्येय हवंच ना? परीक्षा?

विलंबित
पाश्चात्त्य संगीताची ट्रिनिटीची इनिशियल किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, दोन्ही आहेत, पण घाई कशाला? परीक्षेचे तीन-चार तुकडे आठ महिने घोटून घेतले की मूल बाकी काहीच वाजवत नाही, आणि नेमकं त्यानंतर सोडतं. शिक्षक म्हणाले तरच, आणि ती धून आधीच आरामात येत असेल तरच. ध्येय हवं असेल तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच एका धुनेचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. तीन महिन्यांनी तिलाच ऐकवा, तुम्ही काही बोलू नका.

चर्चगेट_स्लो
शेजाऱ्यांचं कोणी लिहिलं नाही. आमच्याकडच्या इमारतींत भिंती पातळ. घोडीवर बसवायचा रबरी म्यूट मिळतो, आवाज बराच कमी होतो. पण रोज तो लावून वाजवू नका, खरा आवाज कानावर न पडल्यामुळे गजाचा दाब चुकीचा बसतो. सकाळचा रियाज म्यूट लावून, संध्याकाळचा मोकळा. दुपारी दोन ते चार टाळलं की सोसायटीत सहसा कुरबुर होत नाही.

प्रभादेवीची_आई
शेवटचं. क्लासमध्ये पट्टीवर बोटांसाठी चिकटपट्ट्या लावल्या आहेत. नवीन १/८ आलं की त्या कुठे लावायच्या? आणि कायम ठेवायच्या का?

ठायलय
खुंट्यांकडच्या खाचेपासून घोडीपर्यंत तारेची लांबी मोजा. तिला ०.१०९ ने गुणलं की पहिलं बोट, ०.२०६ ने दुसरं, ०.२५१ ने तिसरं. लांबी २६ सेंमी असेल तर २.८, ५.४ आणि ६.५ सेंमी, खाचेपासून. (जुन्या वाद्यावरची मापं तशीच उचलून लावू नका, लांबी वेगळी असते.) हे फक्त अंदाजाला, शेवटची जागा ट्यूनरवर वाजवून ठरवा, कारण तार दाबली की सूर किंचित चढतो. चिकटपट्टी तारांच्या खालून सरकवून लावायची, तारा काढायच्या नाहीत. अरुंद आणि पातळ घ्या, जाड चिकटपट्टीवर तार झणझणते.

काढताना सगळ्या एकदम नाही. आधी तिसऱ्या बोटाची काढा, कारण तिथे घुमारा मदतीला आहे. मग दुसऱ्याची. पहिल्याची सर्वांत शेवटी, हाताची चौकट तिच्यावर बसलेली असते. चिकटपणा राहिला तर सुक्या कापडाने घासा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, एक थेंब पोटावर ओघळला तरी वार्निश उतरतं.